हवा टाईट

गेल्या वर्षी पाऊस उघडल्यावर माझा नवरा मुरमाच्या उतारावर सायकलवरून पडला. हाड मोडलं नाही, टाके पडले नाहीत. कोपर सोलवटलं आणि मांडी काळीनिळी झाली, एवढंच. पण तो पडला माझ्यासमोर, दोन धनगरांसमोर आणि त्यांच्या अख्ख्या कळपासमोर. मेंढरं चरायची थांबून त्याच्याकडे बघत राहिली. माणसं हसली असती तर त्याने सहन केलं असतं. मेंढरांनी काळजी केली, ते त्याला लागलं.

त्यानंतर उतार आला की तो खाली उतरायचा आणि सायकल हाताने धरून चालायला लागायचा. कारणं दर वेळी नवी असायची. कधी बुटाची नाडी, कधी फोन, कधी पलीकडच्या रानातली तूर जवळून बघायची असायची. तुरीविषयी त्याला एवढं प्रेम आहे हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळलं.

आमचा क्रम ठरलेला होता. शनिवारी संध्याकाळी नगरहून निघायचं, पारनेरच्या अलीकडे त्याच्या थोरल्या भावाच्या मळ्यात मुक्काम करायचा, आणि रविवारी उजाडताच पवनचक्क्यांच्या पठारावर सायकलने चढायचं. मग पाणलोटाच्या चरांमधून जाणारी पायवाट धरून खाली मळ्यात यायचं. एवढी सकाळ आम्हा दोघांची. मुलगी बंगळूरला, आम्ही दोघं नोकरीत. घरात आमच्यात जे बोलणं होतं ते गॅस सिलिंडर, सोसायटीचं पाणी आणि मुलीचं लग्न या तीन विषयांपलीकडे जात नाही. चढावर धाप लागते म्हणून बोलता येत नाही, आणि उतारावर बोलायची गरज नसते. खाली पोचलं की दोघांचेही चेहरे धुळीने सारखेच लाल. संसारात एवढी समानता मला दुसरीकडे कुठे सापडलेली नाही.

ही सकाळ आता हातची जायला लागली. आमच्या कॉलनीत बागेच्या कडेला एक कट्टा आहे. तिथे रविवारी पन्नाशीपुढचे पुरुष जमतात आणि आपापल्या गुडघ्यांचा अहवाल सादर करतात. माझा नवरा दोन रविवार तिकडे गेला. पहिल्यांदा परत आला तेव्हा शेजाऱ्यांच्या प्रोस्टेटची सविस्तर माहिती घेऊन आला. दुसऱ्यांदा म्हणाला, सायकल विकून टाकू, उगाच मळ्यात धूळ खात पडलीय. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. कट्ट्यावर बसणाऱ्या माणसाला बसताना एक विशिष्ट ‘आई गं’ म्हणायची सवय लागते. ती त्याला लागली होती.

मी एका कॉलेजच्या भांडारात काम करते. मागणी, तुलना, खरेदी, तपासणी हा माझा रोजचा व्यवहार. त्यामुळे दोष कुणाचा या चर्चेत मी वेळ घालवला नाही. दोष सायकलचा, असं जाहीर करून टाकलं. दोष नवऱ्याचा ठरवला तर पुढे काहीच खरेदी करता येत नाही. शिवाय त्याची जुनी सायकल खरंच वाईट होती. टायर झिजून गुळगुळीत झालेले, आणि सांगाडा, म्हणजे फ्रेम, त्याला मोठी. अशा सायकलवरून पडायला कौशल्य लागत नाही.

पहिला सल्ला नगरच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर विचारला. दुपारपर्यंत फोन गरम झाला. ग्रुपचे ॲडमिन दातांचे डॉक्टर आहेत. त्यांची फ्रेम कार्बनची. ती एका बोटावर उचलता येते आणि भेटेल त्याला ते ती उचलून दाखवतात. फ्रेमवर वाचवलेलं वजन ते दर रविवारी बायपासवरच्या मिसळीत भरून काढतात. मातीच्या वाटेवर मात्र ती सायकल जात नाही, कारण कार्बनला दगड लागला तर चीर पडते. डोंगरावर न्यायची सायकल डोंगरापासून सांभाळावी लागते, हे त्यांनी मला अगदी गंभीरपणे समजावलं. मी आभार मानले आणि कार्बन हा शब्द खोडला.

मग मागच्या चाकाला धक्के झेलणारा शॉक हवा की नको यावर मतं आली. हवा म्हणणाऱ्यांनी हिमालयातले व्हिडिओ पाठवले. आमच्या उतारावर हिमालय नाही. मुठीएवढे धोंडे, सुटा मुरूम आणि चरांच्या काठावरची माती आहे. मागच्या शॉकला सांधे असतात, त्या सांध्यांत ही माती जाते, आणि ते खोलून साफ करणारा माणूस पुण्यात. बाजारातून आणलेल्या वस्तूची देखभाल घरी होत नसेल तर ती वस्तू आपली नसते, आपण तिचे असतो. म्हणून अ‍ॅल्युमिनियमची साधी फ्रेम, शॉक फक्त पुढे.

दुकानात मापावरून वाद झाला. माझ्या सासरी कपडे वाढत्या अंगाने घ्यायची पद्धत आहे. नवऱ्याच्या शाळेच्या फोटोत त्याची चड्डी गुडघ्याखाली दिसते आणि शर्टाच्या बाह्यांतून फक्त नखं. तीच शिस्त त्याने फ्रेमला लावली. मोठी घेऊ, एकदाच होऊन जाईल, असं त्याचं म्हणणं. मी त्याला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायला सांगितलं. तो टाचा उंचावून उभा राहिला आणि एकदम आरामात आहे म्हणाला. पन्नाशीनंतर माणसाचं अंग एकाच दिशेने वाढतं आणि त्यासाठी फ्रेम बदलून उपयोग नसतो, एवढंच मी दुकानदारासमोर बोलले. मधल्या मापाची ठरवली. टाचा टेकल्या, दांडी आणि माणूस यांच्यात चार बोटं राहिली. घसरताना पाय पटकन जमिनीला लागणं हेच आम्हाला हवं होतं.

चाकांचं प्रकरण जास्त चिघळलं. ग्रुपवर एकोणतीस इंचवाले आणि साडेसत्तावीसवाले असे दोन पक्ष निघाले, साखर कारखान्याच्या निवडणुकीत दोन पॅनेल असावीत तसे. आरोप झाले, जुनी प्रकरणं निघाली, एक जण दुपारच्या जेवणानंतर दुसऱ्या पॅनेलमध्ये गेला. प्रचार शांत होईपर्यंत मी थांबले नाही. पुढच्या रविवारी आमच्या वाटेवर चालत जाऊन दगड बघितले. मोठं चाक दगड सहज ओलांडून जातं, छोटं चाक चपळ असतं आणि झटकन वळतं. आमच्या वाटेला आखूड वळणं नाहीत, आणि माझ्या नवऱ्याला झटकन वळायचं नव्हतं. त्याला न पडता घरी यायचं होतं. एकोणतीस.

टायरच्या बाबतीत मी कुणालाच विचारलं नाही, कारण आमच्याकडे त्याचा निर्णय सराटे घेतात. सराट्याचं बी दिसायला हरभऱ्याएवढं, पण कसंही पडलं तरी एक काटा वर ठेवून बसतं. शिवाय बाभळी आणि हिवराचे काटे. ट्यूब घातली की पंक्चर. म्हणून बिनट्यूबचे टायर आणि आत ते पांढरं दूध, जे भोक पडलं की तिथेच सुकून भोक बुजवतं. टायर रुंद घेतले, वर रबराची मोठी बटणं असलेले. अशा टायरची सगळी मजा एकाच गोष्टीत असते, हवा कमी ठेवण्यात. हवा कमी असली की टायर दगडावर बसतो, त्याला थोडा मिठीत घेतो आणि पुढे जातो. हवा जास्त झाली की तो दगडावरून उडतो आणि मुरमावर शेंगदाणे सांडल्यासारखा घसरतो. काटा बघून हवा मोजता यावी म्हणून चांगला पंप घेतला आणि सायकली असतात तिथेच, मळ्यातल्या गोठ्याच्या पडवीत, ठेवला. शनिवारी पोचल्यावर दोन्ही सायकलींची उरलीसुरली हवा सगळी सोडून मी नव्याने मोजून भरायची, म्हणजे सकाळी ऊन व्हायच्या आत निघता येतं.

पहिल्या रविवारी नवी सायकल बेडकासारखी उड्या मारत निघाली. पठारावर चढेपर्यंत नवऱ्याचे दात वाजत होते. उताराच्या तोंडाशी पुढचं चाक मुरमावरून असं सरकलं की त्याने लगेच पाय टेकला, उतरला आणि चालायला लागला. नवे टायर आहेत, रुळतील, असं मी म्हटलं. पुढच्या वेळी तेच. ग्रुपने निदान केलं की पुढच्या टायरचं रबर कडक आहे. पुण्याहून मऊ रबराचा टायर मागवला. तेच. मग हँडल रुंद केलं, बैठक बदलली. दाताच्या डॉक्टरांनी पुढचा शॉकच मुळापासून बदला म्हणून सांगितलं. ते त्यांच्या धंद्याच्या सवयीने बोलले असावेत. माझीही सायकल घसरत होती, पण मी वजनाने हलकी आणि स्वभावाने हट्टी, म्हणून मी कशीबशी खाली यायचे. तो मागून चालत यायचा. मळ्यात पोचल्यावर आमचे चेहरे आता सारखे लाल नसायचे. माझा लाल, त्याचा कोरडा.

यंदा दिवाळीच्या आधीच्या शनिवारी आमची गाडी वाटेतलं सुपा गाव ओलांडत होती. तो म्हणाला, “उद्या शेवटचं. ती सायकल विकायला टाक. उतार दिसला की माझी हवा टाईट होते. तू जात जा एकटी.”

मी बरं म्हटलं. एकटी जायचं तर मला पठाराची गरज नव्हती. एकटी मी ऑफिसलाही जाते.

त्या रविवारी मी नेहमीपेक्षा लवकर उठले. अजून तांबडं फुटत होतं. जाऊबाई पडवीलगतच्या चुलीपाशी चहा ठेवत होत्या आणि गोठ्याकडून फुस्स, फुस्स असा एका लयीत आवाज येत होता. मला वाटलं म्हैस. जाऊन पाहिलं तर भाऊ, म्हणजे माझे थोरले दीर, डोक्याला टोपी, अंगात बंडी, माझा पंप दोन्ही हातांनी दाबत होते. पंपाचा काटा मी आजवर न पाहिलेल्या जागी पोचला होता. त्यांनी पंप बाजूला ठेवला, टायरवर अंगठा रोवला, टायर दबला नाही, आणि समाधानाने ते माझ्या सायकलकडे वळले.

भाऊंविषयी एक सांगायला हवं. त्यांच्या दारातून कुठलीही गाडी हवा बघितल्याशिवाय जात नाही. सोयऱ्यांची कार असो, दूधवाल्याची मोटारसायकल असो, कांदा न्यायला आलेला टेम्पो असो. ते सगळ्यांना अंगठा लावतात. त्यांचे आजोबा निघणाऱ्या पाहुण्यांच्या बैलगाडीला वंगण घालून द्यायचे. बैलगाड्या गेल्या, वंगण गेलं, रीत अंगठ्यात राहिली.

“भाऊ, काय करताय?”

“काय न्हाई. तुमच्या सायकलीत हवाच ऱ्हात न्हाई, म्याडम. दर टायमाला बसलेली असती. म्या भरतो म्हनून चाललंय.”

म्याडम ही पदवी मला नोकरी लागली तेव्हा त्यांनीच दिलेली. मी विचारलं, दर वेळी भरता?

“मंग? धारा काढल्या की पयलं हेच काम.” त्यांनी घराकडे बघून आवाज खाली आणला. “दुकानदारानं फसवलंय तुमाला. पर म्या धाकल्याला बोललो न्हाई. आदीच खट्टू हाय त्यो. नवी सायकल गळती म्हनल्यावर आनखी खट्टू व्हईल.”

मी त्यांना सांगितलं की सायकल गळत नाही, हवा मीच कमी ठेवते, मुद्दाम. भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मुद्दाम चहात मीठ टाकते असं सांगितलं होतं. मग ते खाली बसले आणि टायरच्या कडेवरची बारीक अक्षरं बोटाने दाखवली.

“हितं लिवलंय की किती भरायची.”

“भाऊ, ते जास्तीत जास्त किती, ते लिहिलंय.”

“मंग जास्तीत जास्तच भरायची ना. घरच्या मानसाला कमी कशापायी?”

चुलीपासून जाऊबाई न उठता म्हणाल्या, “ह्यांचं असंच हाय. जेवनाच्या ताटात बी असंच करत्यात. न्हाई म्हनलं की आनखी वाढत्यात.”

आता हवा तिथल्या तिथे सोडून देणं सोपं होतं, पण भाऊंसमोर हवा सोडणं म्हणजे त्यांनी वाढलेलं ताट कुत्र्यापुढे सरकवणं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही स्वतः चालवून बघा. नको-नको झालं, मग त्यांनी पायजमा खोचला आणि गोठ्यापासून विहिरीपर्यंतच्या दगडी वाटेने नवऱ्याची सायकल नेली. परत आले तेव्हा टोपी एका कानावर होती. मी वॉल्व्ह दाबला. हवा सुटायला लागली तसं भाऊंनी तोंड फिरवलं आणि म्हशीकडे बघत उभे राहिले. मी मोजून थांबवलं आणि सायकल परत त्यांच्या हातात दिली.

या वेळी ते विहिरीला वळसा घालून गेले, मग डाळिंबाच्या बांधावरून, मग मी सांगितलंही नव्हतं तिकडे. परत आल्यावर त्यांनी टायरला अंगठा लावला. अंगठा आत गेला. त्यांना ते पटलं नाही, पण बसायची जागा चोळून त्यांनी निकाल दिला.

“म्हशीवर बसल्यावानी वाटतंय. हलती, पर पाडत न्हाई.”

एवढ्यात माझा नवरा तोंडात दातांचा ब्रश घेऊन बाहेर आला. त्याला सगळं सांगावं लागलं, आणि ते भाऊंनीच सांगितलं, थोडं चाचरत. त्याने ब्रश तोंडातून काढला.

“जुनीत पण भरायचास?”

“तिच्यात तर लईच. ती बी बसलेलीच असायची.”

मला वाटलं तो चिडेल, नाहीतर हसेल. त्याने दोन्ही केलं नाही. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला आणि मला कारण कळायला वेळ लागला नाही. इतके महिने दोष फ्रेमचा होता, मग चाकांचा, मग टायरचा, मग बैठकीचा. आता हवाही बरोबर झाली होती. उतारावर काही बिनसलं तर दोष द्यायला आता एकच गोष्ट शिल्लक होती, आणि ती ब्रश घेऊन पडवीत उभी होती. मला वाटलं, आता तो नक्की येत नाही.

तो गुळण्या करून आला आणि बूट घालायला लागला.

निघताना भाऊंनी अट घातली. दारातून हवा कमी घेऊन जायचं नाही. रस्त्याला चार लोक असतात, म्हणतील ह्याच्या घरी पंप न्हाई का. ओढ्याच्या पलीकडे गेल्यावर काय करायचं ते करा. मी अट मान्य केली. भाऊंनी दोन्ही सायकलींचे चारही टायर दगडासारखे केले, अंगठ्याने खात्री केली, आणि आम्ही त्यांच्या अब्रूसकट ओढ्यापर्यंत खडखडत गेलो. तिथे करंजाच्या झाडाआड थांबून, चोरी करत असल्यासारखी हवा सोडली. ही पद्धत आजही चालू आहे. भरायला दहा मिनिटं, सोडायला दोन. सरकारी कामापेक्षा बरं.

पठारावर चढताना त्याचे दात वाजले नाहीत. त्याच्या ते लक्षात आलं, पण त्याने कबूल केलं नाही. फक्त एकदा मागे वळून आपल्या मागच्या चाकाकडे पाहिलं. पवनचक्कीच्या खाली उताराचं तोंड आलं तेव्हा तो थांबला. मी पण थांबले. खाली पायवाट चरांमधून वळत गेलेली, मुरूम उन्हात चकाकायला लागलेला. त्याने हेल्मेटचा पट्टा घट्ट केला, मग सैल केला, मग पुन्हा घट्ट केला. पलीकडच्या तुकड्यात तूर होती, फुलावर आलेली. त्याने तिच्याकडे पाहिलं. मी धीर द्यावा असा काही तरी प्रसंग होता, पण मला धीर देता येत नाही. मी सामान देते. म्हणून मी माझ्या ब्रेकची तार बघत बसले.

वर पाहिलं तेव्हा तो निघाला होता. फार वेगात नाही. बैठकीवरून जरा उठून, कोपरं बाहेर, पहिल्या धोंड्यावरून चाक चढलं आणि पलीकडे बसलं. मुरमावर मागचं चाक थोडं सरकलं. तिथेच तो दर वेळी पाय टेकायचा. त्याचा पाय पेडलवरून सुटलेला मला दिसला, हवेत लोंबकळला, आणि परत पेडलवर गेला. मग चराचं वळण आलं आणि तो दिसेनासा झाला. मी मागून निघाले. पडल्याचा आवाज येतो का याकडे माझे कान होते, त्यामुळे माझी स्वतःची अर्धी वाट मला आठवत नाही. आवाज आला नाही.

खाली बांधाशी तो एक पाय टेकून उभा होता. तोंडभर धूळ, दात तेवढे पांढरे. मी पोचेपर्यंत त्याने सायकल फिरवून तिचं तोंड पुन्हा पठाराकडे केलं होतं.

“वहिनीला फोन कर,” तो म्हणाला. “भाकरी इतक्यात टाकू नको म्हणावं.”